चौक कुणाचा? : डाव्या वळणाची सव्वाशे वर्षं

तुम्ही अमेरिकेत सायकल चालवत असाल, किंवा तुमची मुलं-नातवंडं चालवत असतील, तर एक गोष्ट तुमच्या लक्षात आलीच असेल. उजवीकडे वळायला काही लागत नाही. कडेकडेने जायचं, चालणाऱ्याला वाट द्यायची आणि वळायचं. डावीकडे वळायचं म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. मागून येणाऱ्या मोटारी, समोरून येणाऱ्या मोटारी, आडव्या रस्त्यावर थांबलेल्या मोटारी आणि या सगळ्यांच्या मधून आपली दोन चाकं. पुष्कळ जण मग डावं वळण टाळतात, लांबचा रस्ता धरतात किंवा सरळ मोटार बाहेर काढतात.

ही भीती खोटी नाही. चार रस्त्यांच्या साध्या चौकात दोन वाहनांच्या वाटा एकमेकींना भिडतील अशा ३२ जागा असतात. वाहतूक अभियांत्रिकीच्या पहिल्याच सत्रात हे चित्र फळ्यावर काढायचं असतं, आणि नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी ते दरवर्षी काढलं. त्या ३२ पैकी १६ ठिकाणी वाटा एकमेकींना छेदून जातात, म्हणजे टक्कर सर्वांत वाईट होऊ शकते ती तिथे. या १६ मधल्या १२ जागा एकट्या डाव्या वळणामुळे तयार होतात. मोठाल्या मोटारींतले लोकही डाव्या वळणाला कचरतात ते उगीच नाही. सायकलवाल्याच्या अंगाभोवती तर पत्र्याचं कवचही नसतं.

पण चौक हा काही डोंगर किंवा नदी नव्हे. तो माणसांनी आखला, त्याचे नियम माणसांनी केले, बदलले आणि पुन्हा बदलले. डावं वळण आज इतकं अवघड का, हे त्या इतिहासात सापडतं. आणि ते सोपं कसं करायचं, हेही तिथेच सापडतं.

आपला हात कुठला?

आधी आपल्यातल्या पहिल्या पिढीबद्दल थोडं. मी वाढलो ते पुणं सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं. तासाच्या भाड्याने सायकल आणायची, मधल्या नळीखालून पाय घालून शिकायची, दरवर्षी नगरपालिकेचा बिल्ला लावायचा, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसलो तर पोलीसमामांना चुकवायचं, हे शिक्षण माझ्या वयाच्या बहुतेकांचं झालेलं आहे. अलका टॉकीजच्या चौकातून रोज जा-ये करणाऱ्याला सायकल येत नाही असं कोण म्हणेल?

गोम अशी आहे, की तिथलं अवघड वळण उजवं होतं. रस्त्याच्या डाव्या कडेने चालणाऱ्या देशात डावीकडे वळणं फुकटचं असतं आणि उजवीकडे वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागते. आपली मान उजव्या खांद्यावरून मागे वळायला शिकली, आपला उजवा हात बाहेर निघायला शिकला. इथे हे सगळं आरशातल्यासारखं उलटं आहे. आपण सायकल डाव्या हाताला धरून चालत नेतो आणि डावीकडूनच टांग टाकतो. पुण्यात ती फूटपाथची बाजू होती. इथे ती मोटारींची बाजू आहे. चाळीस वर्षं अमेरिकेत मोटार चालवूनही सायकलवर बसल्यावर जुनं शरीर जागं होतं. निवृत्तीनंतर पुन्हा सायकल घेणाऱ्यांनी आणि चार महिने मुलांकडे राहायला आलेल्या आई-वडिलांनी हे मुद्दाम ध्यानात ठेवावं.

हा उलटेपणा आला कुठून? ब्रिटनमध्ये डावीकडून चालण्याची रीत जुनी होती आणि १८३५ च्या हायवे कायद्याने ती पक्की झाली. इंग्रजांबरोबर ती हिंदुस्थानात आली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाने १७९२ मध्ये फिलाडेल्फिया ते लँकेस्टर या टोलरस्त्यासाठी उजवीकडून चालण्याचा नियम केला आणि १८०४ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तो आपल्या सार्वजनिक रस्त्यांना लावला. याचं एक कारण सांगितलं जातं ते कोनेस्टोगा गाड्यांचं. माल वाहणाऱ्या या प्रचंड गाड्यांचा हाक्या गाडीत बसत नसे. उजवा हात चाबकासाठी मोकळा राहावा म्हणून तो मागच्या डाव्या घोड्यावर बसे. समोरून येणारी गाडी आपल्या चाकांना घासत तर नाही ना, हे पाहायचं तर ती डावीकडून गेलेली बरी. घोडे गेले, गाड्या गेल्या, नियम राहिला.

म्हाताऱ्या एनोचा नियम

आता चौकाकडे येऊ. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या चौकात घोडागाड्या, ट्राम, सायकली, हातगाड्या, पायी चालणारे आणि नव्याने आलेल्या मोटारी यांची खिचडी होती. विल्यम फेल्प्स एनो नावाच्या श्रीमंत गृहस्थाने या गोंधळाला शिस्त लावण्याचं मनावर घेतलं. त्याने तयार केलेले वाहतुकीचे नियम न्यूयॉर्कने १९०३ मध्ये लागू केले. कोलंबस सर्कलला सगळ्या वाहनांनी एकाच दिशेने फिरावं ही १९०५ ची व्यवस्थाही त्याचीच.

त्याच्या नियमांतलं डावं वळण आज वाचलं तर नवल वाटतं. डावीकडे वळणाऱ्या गाडीने आधी सरळ पुढे जायचं, चौकाचा मध्यबिंदू आपल्या डाव्या हाताला ठेवून त्याच्या पलीकडे पोचायचं आणि मग काटकोनात वळायचं. देवाला प्रदक्षिणा घालताना मूर्ती एका हाताला ठेवतो तसंच. कुणी मधूनच तिरपं वळू नये म्हणून चौकाच्या बरोबर मध्यभागी खांब उभे केले जात. लोक त्यांना ‘मुका पोलीस’ म्हणत. मध्याच्या अलीकडून वळणं म्हणजे कोपरा कापणं, आणि तो गुन्हा होता.

या नियमाने वळण लांब होत असे आणि गाडीला वेग जवळपास सोडावाच लागे. तोच त्याचा गुण होता. कारण त्या काळी रस्ता सगळ्यांचा समजला जात होता. मुलं रस्त्यावर खेळत, माणसं हवी तिथून रस्ता ओलांडत. चौकात येणाऱ्या गाडीने दबकत यावं अशीच अपेक्षा होती.

पुढच्या वीस वर्षांत मोटारी भराभर वाढल्या. ५ ऑगस्ट १९१४ रोजी क्लीव्हलंडमध्ये विजेचा सिग्नल लागला. आमच्या पेशातले पहिले अभियंते आले आणि त्यांनी चौकाकडे पाण्याच्या नळासारखं पाहिलं: तासाला किती गाड्या वाहून जातात? या हिशेबात मध्याला वळसा घालणारी गाडी म्हणजे नळातला गाळ. समोरासमोरून डावीकडे वळणाऱ्या दोन गाड्या एकमेकींत अडकत हेही खरं होतं. हळूहळू मुके पोलीस उखडले गेले. कालपर्यंत ज्याला कोपरा कापणं म्हणत होते, तेच आता रीतसर डावं वळण झालं. १९२६ मध्ये साऱ्या राज्यांसाठी नमुना म्हणून ‘युनिफॉर्म व्हेइकल कोड’ तयार झाला, तोवर चौकाचा मालक कोण हे ठरल्यातच जमा होतं.

मी त्या अभियंत्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न खरा होता. पण डावं वळण सोपं झालं ते मोटारीसाठी. वेगाची किंमत कुणी मोजायची, हा हिशेब त्यांच्या कागदावर नव्हता.

वाहन की खेळणं?

या सगळ्यात सायकलचं काय झालं? खरं तर अमेरिकेत चांगल्या रस्त्यांची मागणी सायकलवाल्यांनी मोटारीच्या आधी केली. १८८० मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टला ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही संघटना स्थापन झाली. सायकलला घोडागाडीइतकाच रस्त्यावर हक्क आहे, यासाठी तिचे सभासद लढले. ब्रिटनमध्ये १८८८ च्या कायद्याने सायकल ही ‘गाडी’ ठरली. १८९० च्या दशकात स्त्रिया सायकलवर बसल्या आणि समाजाचे डोळे विस्फारले. १८९६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये एका मोटारीने सायकलवरच्या एका स्त्रीला धडक दिली. या देशात नोंदल्या गेलेल्या अगदी सुरुवातीच्या मोटार अपघातांपैकी तो एक.

मोटार आली आणि मोठ्या माणसांनी सायकल सोडली. ती मुलांचं खेळणं झाली. कायद्यानेही तिला तसंच वागवलं. नमुना कायद्यात माणसाच्या जोरावर चालणारी साधनं ‘वाहन’ या व्याख्येच्या बाहेर ठेवलेली होती, आणि सायकलवाल्याने शक्य तेवढं उजव्या कडेने चालावं असा नियम रूढ झाला. आता पाहा गंमत. सायकल कायम उजव्या कडेला हवी, आणि डावं वळण तर रस्त्याच्या मधून सुरू होतं. मग वळायचं कसं? कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यातल्या कलम २१२०२ मध्ये याचं उत्तर आहे. उजव्या कडेने चला, पण पुढच्या चौकात डावीकडे वळण्याच्या तयारीत असाल तर कड सोडायला तुम्हाला मुभा आहे. मागून कुणी हॉर्न वाजवला तरी ती लेन त्या क्षणी कायद्याने तुमची असते. हे मोटार चालवणाऱ्या आपल्या लोकांनीही ओळखून असावं.

१९७० च्या सुमारास वारं फिरलं. १९७२ आणि १९७३ या दोन्ही वर्षी अमेरिकेत मोटारींपेक्षा सायकली जास्त विकल्या गेल्या. १९७५ मध्ये नमुना कायद्याने सायकलला ‘वाहन’ म्हणून मान्यता दिली. आता प्रश्न उरला तो चौकात तिला वळवायचं कसं याचा. त्याची दोन उत्तरं आपल्या उत्तर कॅलिफोर्नियातच शेजारी शेजारी तयार झाली.

पालो आल्टो आणि डेव्हिस

पहिलं उत्तर जॉन फॉरेस्टर यांचं. ते कादंबरीकार सी. एस. फॉरेस्टर यांचे चिरंजीव, जन्म लंडनचा, पेशाने अभियंता. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पालो आल्टो शहराने काही रस्त्यांवर सायकलवाल्यांना फूटपाथवरच्या मार्गाने जाण्याची सक्ती केली. फॉरेस्टर रस्त्यावरूनच गेले, पोलिसांनी पावती फाडली आणि ते कोर्टात भांडले. ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ या आपल्या पुस्तकात त्यांनी मांडलेलं मत असं: सायकलवाला हा वाहनचालक आहे. त्याने वाहनचालकासारखं वागावं आणि इतरांनी त्याला तसंच वागवावं. डावं वळण मोटार घेते तसंच घ्यावं, एकेक लेन पार करत, मागे बघत, हात दाखवत.

दुसरं उत्तर तिथून शंभरेक मैलांवर डेव्हिसला. तिथल्या विद्यापीठाचे कुलपती एमिल म्रॅक यांनी विद्यापीठाचा परिसर वाढवताना सायकलींचा विचार केला होता. नेदरलँड्समध्ये राहून परत आलेल्या एका प्राध्यापक कुटुंबाने आणि इतर नागरिकांनी शहरातही सायकलींसाठी वेगळी जागा मागितली. १९६६ च्या नगरपालिका निवडणुकीत हा मुद्दा गाजला आणि १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या सायकल लेन तिथे आखल्या गेल्या. डेव्हिसचं म्हणणं असं, की आठ वर्षांच्या मुलाला मोटारींच्या रांगेत शिरायला शिकवण्यापेक्षा रस्ता बदला.

पुढची दोन दशकं अमेरिकेत फॉरेस्टर यांच्या विचारांचा जोर राहिला. त्यात स्वाभिमान होता आणि ज्याला जमतं त्याच्यासाठी तो आजही कामाचा आहे. पण किती जणांना जमतं? पोर्टलंड शहराच्या सायकल विभागातले रॉजर गेलर यांनी २००६ मध्ये आपल्या शहरातल्या लोकांची ढोबळ विभागणी मांडली. कुठल्याही रस्त्यावर बेधडक जाणारे शंभरात एकही नाहीत, लेन असली तर आत्मविश्वासाने जाणारे सात टक्के, काही झालं तरी सायकल न चालवणारे तेहतीस, आणि उरलेले साठ टक्के ‘आवडेल, पण भीती वाटते’ म्हणणारे. आपल्या मंडळातले बहुतेक जण या साठ टक्क्यांत असावेत.

पुन्हा एकदा वळसा

समुद्रापलीकडे हाच प्रश्न जास्त कडवटपणे विचारला गेला होता. १९७१ मध्ये नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसं गेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. आपली मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने ‘मुलांचे खून थांबवा’ अशी हाक दिली आणि त्यातून मोठी चळवळ उभी राहिली. पाठोपाठ १९७३ चं तेलसंकट आलं. आज ज्यांचं कौतुक होतं ते डच सायकलमार्ग असे मागून मिळालेले आहेत. शेजारच्या डेन्मार्कमध्ये तर सायकलने एका दमात डावीकडे वळायचंच नाही असा कायदा आहे. आधी सरळ जाऊन चौक ओलांडायचा, पलीकडच्या कोपऱ्यावर थांबायचं आणि मग डावीकडे जायचं.

आधी सरळ, मग काटकोनात. ओळखीचं वाटतं ना? १९०३ च्या वळशाचंच हे सायकलवरचं रूप.

अमेरिकेत हे वळण आता परत आलं आहे. सायकलचं चित्र काढलेली हिरवी पेटी तुम्ही काही चौकांत कोपऱ्याजवळ पाहिली असेल. दोन टप्प्यांत डावीकडे वळणाऱ्यांनी थांबायची ती जागा. २०१७ मध्ये केंद्रीय महामार्ग प्रशासनाने अशा पेट्यांना तात्पुरती मान्यता दिली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या ११ व्या आवृत्तीत त्यांना कायमचं स्थान मिळालं. डेव्हिसने २०१५ मध्ये कॉव्हेल बुलेव्हार्ड आणि जे स्ट्रीटच्या चौकात डच पद्धतीचे संरक्षक कोपरे बांधले. देशातल्या असल्या पहिल्या काही चौकांपैकी तो एक आहे.

मग तुम्ही वळायचं कसं?

इतिहास ऐकवून मास्तर व्यवहाराचं सांगायला विसरले, असं व्हायला नको. वाटा तीन आहेत.

पहिली, वाहनासारखी. रस्ता दोन लेनचा, वाहतूक सावकाश आणि तुमचा हात बसलेला असेल तर ही घ्या. चौकाच्या बऱ्याच आधीपासून तयारी करा. डाव्या खांद्यावरून मागे बघा, डावा हात सरळ बाहेर काढा, पुन्हा बघा. मागच्या गाडीने वेग कमी केला असं दिसलं की लेनच्या मध्यात या. एकापेक्षा जास्त लेन असतील तर प्रत्येक लेनसाठी हेच पुन्हा करा. डावीकडे वळण्याची वेगळी लेन असेल तर तिच्यात जा. वळणाच्या लेन दोन असतील तर उजवीकडची घ्या, म्हणजे वळल्यावर कड गाठणं सोपं जातं. सिग्नल लागेना तर डांबरात कापलेल्या रेघा शोधून त्यांच्यावर चाकं उभी करा. खालची तार धातू ओळखते. वळताना समोरून सरळ येणाऱ्याला वाट द्यायची, आणि हे त्याच्या वेगाचा नीट अंदाज घेऊन.

दुसरी, दोन टप्प्यांची. मोठ्या रस्त्यावर हीच बरी. हिरव्या दिव्यावर उजव्या कडेने सरळ चौक ओलांडा. पलीकडच्या कोपऱ्यावर पेटी असेल तर तिच्यात, नसेल तर चालणाऱ्यांची वाट न अडवता आडव्या रस्त्याच्या गाड्यांच्या पुढे, त्यांना दिसाल असे थांबा. सायकल डावीकडे वळवून ठेवा. त्यांचा दिवा हिरवा झाला की सरळ निघा. या वाटेत एकच सावधगिरी: पहिल्या टप्प्यात तुमच्या शेजारची मोटार उजवीकडे वळून तुमच्या आडवी येऊ शकते. तिच्या उजव्या कुशीत कधीही उभे राहू नका.

तिसरी, पायी. उतरा आणि सायकल हातात धरून क्रॉसवॉकवरून दोनदा रस्ता ओलांडा. यात कसलाही कमीपणा नाही. लहान मुलांना आधी हीच वाट शिकवा, मग दुसरी. पहिलीची घाई नको.

आणि आपला दिवाळी अंक निघतो तेव्हाची एक गोष्ट. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि एकाएकी संध्याकाळी पाचलाच अंधारू लागतं. वाहनचालकांचे डोळे त्याला सरावलेले नसतात. पुढे पांढरा दिवा आणि मागे लाल दिवा या दिवसांत सायकलला हवाच. दिवा नाही म्हणून पुण्यात पोलीसमामा धरायचे तेव्हा राग यायचा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

तरुणांसाठी दोन शब्द

इथे जन्मलेल्या आणि हा लेख आई-बाबांकडून वाचून घेणाऱ्या मुलांनो, तुम्ही विचाराल की या जुन्या गोष्टींचं आम्ही काय करायचं? २०२२ मध्ये या देशात १,१०० हून अधिक सायकलस्वार रस्त्यावर मरण पावले. त्यातल्या प्रत्येकाबद्दल कुणीतरी म्हणालं असेल, “नशीब.” चौकाचा इतिहास वाचलेला माणूस इतक्या लवकर नशिबावर बोट ठेवत नाही. मध्यावरचा खांब कुणीतरी उभा केला होता आणि कुणीतरी काढला. डेव्हिसच्या लेन मतपेटीतून आल्या. डच मुलांचे रस्ते त्यांच्या आई-बापांनी भांडून मिळवले.

तुमच्या गावाच्या नगरपालिकेतही रस्ते पुन्हा रंगवण्याआधी नागरिकांची मतं ऐकण्याची बैठक होते. तिथे आपली माणसं क्वचित दिसतात. आपण डॉक्टर असतो, इंजिनियर असतो, शाळेच्या निकालावर तासभर बोलतो, पण शाळेसमोरच्या चौकाबद्दल बोलायला उठत नाही. तुम्ही उठा. शाळेला जाताना कुठलं डावं वळण तुम्हाला भीतिदायक वाटतं, एवढंच सांगा. पेटी आखायला फार रंग लागत नाही, आणि तुमच्यामागून येणाऱ्या पोराला तिथे उभं राहायला जागा मिळते.

सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा. डावीकडे वळताना मागे बघा.